ओली गाठ, अरुंद तोंड

ओरेगनला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मी लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, घेतला. लहानपणी सावंतवाडीच्या चितार आळीत फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवणारे कातारी पाहिले होते, तेवढ्या भांडवलावर. साधे बाउल लवकर जमले. मग बिगलीफ मेपल या झाडाची एक गाठ हाती आली, तिचं अरुंद तोंडाचं पोकळ भांडं करायला घेतलं आणि पुन्हा बिगरीत जाऊन बसावं लागलं.

गाठ, म्हणजे इथली 'बर्ल', खोडावर आवाळूसारखी वाढते. आत सुप्त डोळ्यांची, म्हणजे न फुटलेल्या कोंबांची, दाटी असते आणि तंतूंना धड दिशाच नसते. विकतात ती वजनावर, त्यामुळे ओली घेतली की निम्मे पैसे पाण्याचे गेल्यासारखे वाटतात. तरी ओलीच घ्या. जाड लाकूड वाळायला दर इंचाला वर्ष धरतात, आणि वाळलेली गाठ कापताना नुसती धूळ उडते. ओली मात्र दुधी किसावा तशी कापली जाते. लांब ढलप्या निघतात आणि चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे येतात.

बाहेरचा आकार फेसप्लेट, म्हणजे लाकडाला स्क्रूने बसवून लेथवर धरणारी चकती, लावून काढा. स्क्रू लांब हवेत, कारण गाठीत सालीचे खिसे असतात आणि स्क्रू नेमका तिथे गेला तर धरायला काहीच नसतं. सुरुवातीला ओंडका एका बाजूला जड असतो, तेव्हा वेग इतका कमी ठेवा की लेथ थरथरणार नाही. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवीच. लेथ चालू करताना ओंडक्याच्या रेषेत उभं राहू नका. माझ्या दुसऱ्या गाठीतून मुठीएवढा सालीचा तुकडा उडून गॅरेजच्या दारावर आदळला. पोचा अजून आहे, आणि घरमालकाला तो माझ्या गाडीचा वाटतो.

खरी गोष्ट सुरू होते ती आतून कोरताना. अरुंद तोंडातून वाकडी हत्यारं घालून पातळ भिंतीची भांडी कोरायची रीत अमेरिकेत १९७० च्या दशकात डेव्हिड एल्सवर्थ यांनी रुजवली. १९८६ साली सुरू झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचे पहिले अध्यक्षही तेच. या संस्थेच्या गावोगावी शाखा आहेत. हत्यारं विकत घेण्याआधी शाखेत जाऊन कुणाची तरी वापरून बघा. मी आधी घेतली आणि मग गेलो. त्यातली दोन आजही कोरी आहेत.

आधी मधोमध ड्रिलने तळापर्यंतची खोली ठरवून घ्या. वाकडं हत्यार आत घातलं की त्याचा सरळ दांडा टेकणीवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या लेथवरच्या आडव्या पट्टीवर, राहिला पाहिजे, वाक नाही. वाक टेकणीवर आला की टोक गर्रकन फिरतं, आणि मग मनगट तरी सुटतं नाहीतर भांडं. आतलं काही दिसत नाही. ढलप्या साचून हत्यार अडकतं, म्हणून सारखं लेथ थांबवून त्या काढा. मी आधी घाई करायचो, त्यात एकाला आरपार भोक पडलं.

तोंडाकडून तळाकडे, इंच-इंच पूर्ण करत जायचं. वरचा इंच हव्या त्या जाडीला आणल्याशिवाय खाली उतरायचं नाही, कारण खालचा गाभा निघाला की वरची भिंत हलायला लागते आणि मग तिला पुन्हा हात लावणं धोक्याचं. जाडी मोजायला वाकवलेली तार पुरते. कानही लागतो: भिंत पातळ होत गेली की कापण्याचा आवाज चढत जातो. मी पाच-सहा मिलिमीटरवर थांबतो. पण किती पातळ याहून सगळीकडे सारखी का, हे महत्त्वाचं. जाड तळ आणि पातळ खांदे वेगवेगळ्या गतीने वाळतात आणि सांध्यावर चीर जाते.

हे सगळं एका बैठकीत. एका रविवारी भांडं अर्धं कोरून मी वरणभात जेवायला वर गेलो. पाऊण तासाने परत आलो तर तोंड लंबगोल झालेलं, हत्यार टेकवलं की एका बाजूला लागायचं आणि दुसऱ्या बाजूला हवेत. तेव्हापासून शेजारी पाण्याचा फवारा असतो. उठावंच लागलं तर भांड्याला ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी.

वाळवताना ते कागदी पिशवीत ठेवतो, थोड्या ओल्या ढलप्या घालून. दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आकडा हलायचा थांबला की वाळलं. तोवर भिंतीवर संत्र्याच्या सालीसारख्या सुरकुत्या येतात. तंतू सगळ्या दिशांनी ओढतात म्हणून गाठ फुटण्याऐवजी अशी आकसते. लोखंडी हत्याराचे राखाडी डाग पडले असतील तर लिंबू चोळा, बरेच जातात.

तळ शेवटी घासायचा, वाळल्यावर. आधी घासलेलं माझं पहिलं भांडं टीव्हीखाली ठेवलंय. मोठी बस गेली की डुगडुगतं.