नेपाळी बोलणारं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा
रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या राखणीला किंवा बोटीवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी कुटुंबातलं मूल येणार असेल, तर आधी आईकडून त्याचं नाव नीट म्हणून घ्या. चार नेपाळी शब्द भिंतीवर लावा: पिसाब (लघवी), दुख्यो (दुखतंय), आमा (आई), भोक (भूक). ‘भोक लाग्यो’ म्हणजे भूक लागली. मराठीत भोक म्हणजे छिद्र, म्हणून इथे हमखास घोटाळा होतो. लिपी देवनागरीच, ही मोठी सोय!

पहिले तीन-चार दिवस आईला तासभर बसू द्या. ती न सांगता निघून गेली, तर दुसऱ्या दिवशी मूल दारातच अडतं. पुढे काही आठवडे, कधी महिनेही, ते गप्प राहील. ऐकत असतं ते. ‘बोल ना’ म्हणून मागे लागू नका. बोट दाखवलं तरी उत्तर धरा. घरी मराठीच बोला, असं आईला मुळीच सांगू नका.