नाताळच्या भयकथा एका चित्रपटात: सोलापुरात कसं जमवायचं

छोट्या भयकथांचा एकत्र चित्रपट करायला घेतला की बहुतेक गट आधी तीन गोष्टी लिहून काढतात आणि त्यांना जोडणारा धागा शेवटी शोधायला बसतात. मग तीन सुटे लघुपट तयार होतात आणि मधे कुणीतरी म्हातारा "अजून एक ऐका" म्हणत राहतो. म्हणून धागा आधी ठरवा, गोष्टी नंतर.

'डेड ऑफ नाइट' (1945) या ब्रिटिश चित्रपटात हे छान दिसतं. एक वास्तुविशारद अनोळखी घरी येतो आणि म्हणतो, ही सगळी माणसं मी स्वप्नात पाहिली आहेत. मग पाहुणे आपापले अनुभव सांगतात. त्यात नाताळच्या पार्टीतल्या लपंडावाची एक छोटी गोष्ट आहे. ती साधीच आहे, पण त्या माणसाचं स्वप्न पुढे सरकत असल्यामुळे तीसुद्धा अंगावर येते. धाग्याचं काम हेच: गोष्टीगणिक त्याचाही धोका वाढला पाहिजे.

सोलापुरात असा धागा तयारच आहे. नाताळच्या आधी रात्री कॅरल पार्टी घरोघरी गाणी म्हणत फिरते. सात जण निघतात. पहिल्या घरी बाई करंज्यांच्या आठ बशा मांडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या घरी आठवी बशी रिकामी झालेली दिसते. तिसऱ्या घरी गाण्यात आठवा आवाज ऐकू येतो. प्रत्येक घराची एक गोष्ट. एक घर मराठी, एक पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं, एक कन्नड, अशी भाषा बदलली की घरं आपोआप वेगळी वाटतात. मात्र संवाद त्या भाषेत घरी बोलणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्या.

लांबीचा हिशेब कागदावर मांडा. सुरुवात 2 मिनिटं, पहिल्या दोन गोष्टी 6-6, शेवटची 8, मधले दोन सांधे 1-1 आणि शेवट 2, असे 26 मिनिटं. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. 'डेथसेंबर' मध्ये 24 लघुपट एकापाठोपाठ आहेत. तेवढा पसारा पहिल्या प्रयत्नात नको. 'अ ख्रिसमस हॉरर स्टोरी' (2015) मध्ये रेडिओ निवेदकाच्या आधाराने गोष्टी एकमेकींत मिसळत जातात. पाहायला ते मस्त वाटतं, पण एडिटिंगमध्ये एका गोष्टीचा ताण दुसरीत न्यायचा म्हणजे प्रत्येक शॉटचा वेग आधीच ठरलेला लागतो. म्हणून गोष्टी एकामागून एक ठेवा. क्रमात सर्वांत जोरदार गोष्ट शेवटी, दुसऱ्या क्रमांकाची पहिली, आणि कच्ची असेल ती मधे.

भीती कशातून काढायची? सणातल्या चांगल्या सवयीतून. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (1972) मधली पहिली गोष्ट घ्या: नाताळच्या आदल्या रात्री बायकोने नवऱ्याला मारलंय, बाहेर सांताच्या वेशात खुनी फिरतोय, आणि तिला पोलिसांना बोलावता येत नाही. शेवटी दार कोण उघडतं? सांता आला म्हणून आनंदलेली तिची लेक. भूत नाही, शाप नाही; मुलीचा विश्वासच घात करतो. तुमच्या गोष्टीतही दार उघडण्याला, भेट घेण्याला, गाण्याला वळण द्या. गव्हाणीचा देखावा, क्रूस, प्रार्थना यांना भुताटकीचं सामान करू नका. ते ओंगळ तर दिसतंच, शिवाय ज्यांच्या घरात शूटिंग करायचंय त्यांना दुखावतं. घरांची आणि चर्चच्या आवाराची परवानगी नोव्हेंबरातच मागा. डिसेंबरात तिथे कुणालाच फुरसत नसते.

आता उजेड. बर्फाचा विचार सोडून द्या. कापूस पसरला की कापूसच दिसतो. तोंडातून वाफही निघणार नाही, त्यासाठी लागणारी थंडी आपल्याकडे पडत नाही. आपली थंडी दाखवायची तर सोलापुरी चादर पांघरून ओट्यावर बसलेला माणूस पुरतो.

सांताला लाल दिव्यात उभं करायचा मोह सगळ्यांना होतो. लाल उजेडात लाल कापड आणि पांढरी दाढी जवळजवळ सारखीच दिसतात, सगळा माणूस एक सपाट डाग होतो. निळसर-हिरवा दिवा लावून पाहा: झगा काळा पडतो, अंधारात विरतो, आणि दाढी तेवढी हवेत उरते. साध्या एलईडीवर निळा-हिरवा जिलेटिन कागद लावला तरी चालतो. दाढी कापसाची असेल तर मेणबत्तीपासून हातभर लांब ठेवा. कापूस क्षणात पेटतो. त्यापेक्षा मेणबत्त्या बॅटरीच्याच घ्या.

मोबाइलवर शूट करत असाल तर प्रो मोडमध्ये शटर 1/50 ला (सेकंदाचा पन्नासावा भाग) आणि फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. आपली वीज 50 हर्ट्झची; शटर तिच्याशी जुळलं नाही की स्वस्त लायटिंगच्या माळा पडद्यावर थरथरतात. तरीही थरथर राहिली तर पॉवर बँकेवर चालणारी यूएसबी माळ वापरा, ती सहसा स्थिर जळते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातनंतर आकाश काळं होतं. सातला कॅमेरा सुरू होईल अशी तयारी ठेवा. दुपारी खोलीत रात्र करायची असेल तर खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी टाका आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. उजेड कडांतूनच शिरतो.

रक्तासाठी एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चिकट होईपर्यंत उकळा. गार झाल्यावर लाल खाद्यरंग एक चमचा आणि कोको पावडर चिमूटभर. कोको नसला की एलईडीखाली ते गुलाबी सरबत दिसतं. मुंग्या येतात, म्हणून शॉट झाला की लगेच पुसा. रंग कपड्यावरून जात नाही. अंगावरच्या शर्टाचे दोन जोड ठेवा.

सर्वाधिक मेहनत आवाजावर घ्या. पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही असतो आणि तो मोबाइलच्या माइकमध्ये संवाद गिळतो. पात्रांना कॉलर माइक लावा, खिडक्या बंद करा, आणि प्रत्येक जागेचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये सांधे त्यानेच झाकले जातात. मागांचा खडखडाटही दोन-तीन मिनिटं घ्या आणि तिसऱ्या गोष्टीखाली हळू वाजत ठेवा. लाइट गेली की माग एकदम थांबतात, हे सोलापूरकराच्या कानात बसलेलं असतं. माळ विझते त्याच फ्रेमला तो आवाज तोडा, चार सेकंद काहीही वाजवू नका, आणि मग आठवा आवाज आणा. तो आवाज गाणाऱ्यांपैकी कुणाचा नसावा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, किंचित खालच्या सुरात रेकॉर्ड करा. गाण्याची चाल जुनी, कॉपीराइट संपलेली घ्या, नाहीतर ऑनलाइन टाकताना अडकेल.

तेलुगू-कन्नड संवादांना मराठी उपशीर्षकं द्या, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. गच्चीवर दाखवणार असाल तर आदल्या रात्री त्याच स्पीकरवर फक्त शेवटची पाच मिनिटं लावून शेवटच्या रांगेत बसा. ती शांतता तिथे रस्त्याच्या आवाजात बुडत असेल तर चार सेकंदांची सहा करा आणि आठवा आवाज थोडा वर घ्या.