जास्वंदीच्या पानातल्या शिरा मोजायच्या कशा

वहीत ठेवून जाळी झालेलं पिंपळपान घेऊन मुलं यायची, "बाई, यावरच मोजू का शिरा?" नको. पान कुजताना सगळ्यात बारीक शिरा निघून जातात, आणि एकूण लांबीत मोठा वाटा त्यांचाच.

उन्हातल्या नि सावलीतल्या पानांत शिरा किती दाट, ते ताडून पाहायला मी जास्वंद घेते. एकाच झाडाच्या दोन फांद्या लावल्यात, एक अंगणात उन्हात, दुसरी फणसाखाली. दोन्हींचं एकेक पुरतं वाढलेलं पान तोडा. सावलीतलं मोठं नि पातळ निघेल.

पान ताजं असतानाच वरून बिनरंगी नेलपॉलिश लावा. वाळलं की चिकटपट्टीने ओढून काचपट्टीवर चिकटवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका चौरस मिलिमीटरला किती पेशी पडतात ते काढा. सावलीच्या पानात कमी भरतात, कारण एकेक पेशी ऐसपैस पसरलेली असते.

आता मधली शीर सोडून नखाएवढा तुकडा कापा. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम कॉस्टिक सोडा घाला. सोडा पाण्यात, पाणी सोड्यावर नाही! हातमोजे, चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचं भांडं मुळीच नको. तुकडा त्यात बुडवून ठेवा. पाणी तपकिरी झालं की बदला, हिरवा रंग जाईपर्यंत. जास्वंद भयंकर बुळबुळीत होते, चिमट्यात फाटते. मी रंगाच्या कुंचल्याने उचलते. नीट धुऊन सॅफ्रॅनिनमध्ये, म्हणजे लाल रंगद्रव्यात रंगवा.

सूक्ष्मदर्शकातून फोटो काढा, त्याच भिंगाखाली मोजपट्टीचाही, म्हणजे फोटोत मिलिमीटर केवढा ते कळेल. फोटोतल्या 2 मिमी बाजूच्या चौकोनावर 10 आडव्या, 10 उभ्या रेषा आखा: एकूण 40 मिमी. शिरा त्यांना किती ठिकाणी छेदतात ते मोजा. छेदांना 1.57 ने गुणून 40 ने भागा. समजा 200 छेद आले, तर घनता साधारण 7.9, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तेवढे मिलिमीटर शीर.

थालीपीठ जास्त थापलं की वरचे तीळ आपोआप लांब जातात, तसंच पेशी पसरल्या की शिरा विरळ होतात. तास्मानियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये तूणाच्या झाडावर हेच दाखवलं. उन्हातल्या पानातून बाष्प जास्त जातं, त्याला पाण्याची वाट जवळ लागते; तिथे पेशी लहान, शिरा दाट.

पडताळायचं असेल तर घनतेला पेशीसंख्येच्या वर्गमुळाने भागा. दोन्ही पानांची उत्तरं जवळपास यायला हवीत. सावलीच्याही शिरा दाट दिसल्या तर पान कोवळं असणार, पेशी अजून पसरायच्या आहेत. मी पहिल्या खेपेला तेच तोडलं होतं.