देवणी बैलाचं डोकं: पुठ्ठा, रद्दी आणि खळ

पोळ्याची मिरवणूक असो की शाळेचं गॅदरिंग, डोक्यात घालायचा बैल करताना बहुतेकांचा हात आधी शिंगांकडं आणि रंगाकडं जातो. आधी ठरवायच्या गोष्टी दोनच: घालणाऱ्याला दिसणार कुठून आणि वजन किती भरणार. मोठ्या माणसासाठी एक किलो, आठ-दहा वर्षांच्या लेकरासाठी अर्धा किलो ही मर्यादा धरा. त्यावर गेलं की मान दुखते आणि नाच निम्म्यावर असतानाच बैलाचं डोकं काखेत येतं.

बैल कोणता, तर देवणी जातीतला वानेरा हा प्रकार. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, त्यामुळं शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. लाल कंधारी जातीचा बैल रंगवायला सोपा, पण लांबून नुसता तांबडा गोळा दिसतो.

सांगाड्याला तीन पदरी खोक्याचा पुठ्ठा घ्या, पाच पदरी वळत नाही. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा, त्यात 6 सेंमी मिळवा (आत स्पंज बसतो) आणि 4 सेंमी रुंद पट्टी कापा. पुठ्ठ्यातल्या बारीक नळ्या पट्टीच्या रुंदीत आल्या तर ती गोल वळते, लांबीत आल्या तर जागोजागी मोडते. या कड्यावर एक पट्टी कपाळापासून मानेपर्यंत आणि एक कानापासून कानापर्यंत, अशी कमान करा. मोकळ्या जागा पट्ट्यांनीच भरत न्या. फुग्यावर कागद चिकटवायची युक्ती आपल्याकडच्या हवेत फसते: दुपारी फुगा फुगून ओला कागद फाडतो, रात्री आकसून सुटा होतो.

तोंडाची नळी 22 सेंमी लांब, मुळाशी 20 आणि नाकाशी 13 सेंमी रुंद. ती कपाळातून पुढं काढायची आणि तिची खालची कड भुवयांच्या वरच ठेवायची. म्हणजे बैलाचे डोळे नुसते दाखवायचे, माणूस बघतो ते तोंडाखालून, गळ्याच्या जागी ठेवलेल्या 14 बाय 6 सेंमीच्या खिडकीतून. खिडकीला डासांची काळी जाळी लावा. पांढरी लावली तर उजेड जाळीवरच चमकतो आणि आतल्याला काही दिसत नाही. नळीत रद्दी कोंबून मजबुती आणू नका. पुढं वाढलेला प्रत्येक तोळा डोकं नाकावर पाडतो. मागं मानेच्या खोलगट भागापर्यंत पट्टी उतरवा आणि हनुवटीखाली रुंद इलॅस्टिक द्या.

शिंगं हमखास मुळाशी तुटतात, कारण ती वरून नुसती चिकटवलेली असतात. बुरुडाकडून बांबूची एक पातळ कामटी आणा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि मंद आचेवर हळूहळू वाकवा. ही एकच कामटी कपाळाच्या आतून आडवी जाऊन दोन्हीकडून बाहेर पडली पाहिजे. तिच्या टोकांवर रद्दीचे पीळ गुंडाळून शिंग वाढवा: आधी बाहेर, मग वर वळलेलं, लांबी साधारण 25 सेंमी, टोक बोथट. गर्दीत टोक कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतं, त्यामुळं इथं हौस नको. कामटीऐवजी घरची तुराटी (तुरीची वाळलेली काठी) चालेल का? हलकी असते खरी, पण वाकवली की काडकन मोडते.

खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि काचेसारखी झाक येईपर्यंत दोन-तीन मिनिटं ढवळा. गार झाल्यावर दोन चमचे फेव्हिकॉल आणि एक चमचा मेथीपूड घाला. मेथीनं कीड लांब राहते. मोरचूदही कीड मारतं, पण ते विषारी आहे. नाकातोंडाजवळच्या वस्तूत ते नको.

कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड खालच्या थरात मिसळून जाते. एक थर वर्तमानपत्राचा, एक जुन्या वह्यांचा, म्हणजे कुठं राहिलं ते लगेच दिसतं. असे पाच थर, एका वेळी दोनच. पोळ्याच्या दमट हवेत ते वाळायला दोन दिवसही लागतात, गॅदरिंगच्या थंडीत एक पुरतो. कडक उन्हात ठेवलं तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि डोकं वाकडं होतं, म्हणून सावलीत पंखा. गालाला लावून गार लागलं तर आत ओल आहे. तसंच रंगवलं की आठवड्यात बुरशी.

चौथ्या थराच्या आधी कपाळावर कागदाचा बोळा ठेवून फुगवटा काढा, देवणीचं कपाळ तसंच असतं. कान जुन्या धोतराच्या दुहेरी कापडाचे, लांब आणि खाली लोंबते. ताठ कान लावले की गाढव होतं.

खडूची पूड आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल यांचा एक हात, मग ॲक्रिलिक रंग. पोस्टर कलर घामानं ओघळतो. थर्मोकोल कुठं वापरला असेल तर स्प्रे पेंट मारू नका, थर्मोकोल विरघळतो. शिंगांना बेगड, मग मोरकी (तोंडावर बांधायची दोरी), वेसण, गोंडे, बाशिंग. शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या मात्र खऱ्या बैलालाच राहू द्या.

हवा खेळायला शिंगांमागं अडीच सेंमीची चार भोकं ठेवा, गोंड्यांखाली ती दिसत नाहीत. एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच घालायचं, आणि रस्त्यावर सोबत हात धरायला एक जण हवाच. कार्यक्रमानंतर आतला स्पंज काढून धुवा आणि डोकं दोरीनं उंच टांगा. खळीच्या वासानं उंदीर आधी नाकच कुरतडतो.