ग्रामपंचायत एकहाती असेल तर कामांची तपासणी कशी करावी

सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला आणि सदस्यही सगळे त्याच पॅनेलचे, अशी गावं कमी नाहीत. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसलं तरी पॅनेल कोणाचं हे गावाला ठाऊक असतं. मासिक सभेत प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ येतं आणि बिल निघण्याआधी काम बघायला कोणी फिरकत नाही. बिनविरोध निवडीचे हारतुरे घालताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. विरोधी सदस्याचं काम मग मतदारालाच करावं लागतं.

आधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाच्या निधीतली कामं आणि दिलेल्या रकमा बघा. लगतच्या गल्ल्यांच्या काँक्रीट रस्त्यांची तीन-चार कामं एकाच ठेकेदाराकडे दिसली, तर निविदा टाळायला एकाच कामाचे तुकडे पाडल्याची शक्यता असते. त्यातलं एक काम निवडा.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘सर्व माहिती द्यावी’ लिहिलं की माहिती मोघम म्हणून टोलवतात. नेमकं मागा: ठराव, अंदाजपत्रक, झालेल्या कामाची मापं नोंदवलेलं मोजमाप पुस्तक (एम.बी.) आणि अदा केलेलं बिल. पानाला 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील.

एम.बी. मिळाली की टेप घेऊन रस्त्यावर जा. समजा नोंद 200 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड अशी आहे, म्हणजे 90 घनमीटर काँक्रीट. रुंदी 2.70 मीटर आणि जाडी 12 सेंटिमीटर भरली तर प्रत्यक्षात 64.8 घनमीटरच पडलंय. लांबी कोणीही मोजू शकतो, म्हणून ती सहसा बरोबर असते. खरी चोरी जाडीत. साइडपट्टीचा मुरूम सारून पाच-सहा ठिकाणी कड मोजा. कडेला जाड ठेवून मध्ये पातळ ओतल्याचा संशय असेल तर कोअर टेस्टची (काँक्रीटचा गोल तुकडा कापून केलेल्या तपासणीची) लेखी मागणी करा.

ग्रामसभेचा प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी संख्या. खरी मेख तहकूब सभेत, म्हणजे गणपूर्तीअभावी पुढे ढकललेल्या सभेत आहे: तिला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पॅनेलची पंधरा-वीस माणसं बसून सगळं उरकतात. आपली माणसं त्या दिवशी आणा. नंतर इतिवृत्ताची प्रत घेऊन आपला प्रश्न नोंदलाय का बघा. गाळला असेल तर मोजमापांचा तक्ता आणि फोटो जोडून विभागीय आयुक्तांकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली (गैरवर्तनाबद्दल सरपंच-सदस्यांना पदावरून काढण्याचं कलम) तक्रार करा.