सोलापुरात बारा महिने विंडचीटर? मग या चुका टाळा

"सोलापुरात कसली आलीय थंडी?" असं पुण्याहून आलेले पाहुणे हमखास म्हणतात. अशांना जानेवारीत सकाळी सहाला गाडीवर मागं बसवावं आणि पुणे रोडनं चिंचोळी एमआयडीसीपर्यंत न्यावं. पहिल्या पाळीसाठी मी रोज याच रस्त्यानं जातो. शहर मागं पडून दोन्ही बाजूंना रानं लागली की वारा शर्टाच्या गुंड्यांमधनं थेट छातीत शिरतो. तिथं मूठभर वजनाचं विंडचीटर जाडजूड स्वेटरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. म्हणून डिसेंबरात घेतलेलं जॅकेट पुढं पावसात, उन्हात, एसी डब्यातही अंगावर राहायला लागलं. त्या नादात मी दोन जॅकेटांची वाट लावली आहे.

या कापडाला येतं एकच काम: वारा अडवणं. ऊब आपल्या अंगाचीच असते, ते फक्त ती उडू देत नाही. आपण मात्र त्यालाच स्वेटर, रेनकोट, सनकोट असं सगळं करायला लावतो आणि मग म्हणतो, माल खराब निघाला.

आत विंडचीटर, वर स्वेटर

ही चूक दर हिवाळ्यात दिसते. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो ओढून नेतो. थंडी मोजण्याचं एक सूत्र आहे. त्यानुसार १० अंशांच्या हवेत ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला ती साधारण साडेपाच अंशांसारखी जाणवते. आपल्याकडं पारा इतका खाली क्वचितच जातो, पण गाडीवरचा हिशेब तोच. लोकरीचा स्वेटर हवा धरून ठेवतो, मात्र त्याच्या जाळीतून वारा आरपार जातो. त्यामुळं स्वेटर आत आणि विंडचीटर वर, हाच क्रम हवा. तेही इतकं घट्ट नको की आतला स्वेटर दाबून चपटा होईल.

जॅकेट उलटं घालून पाठीवर चेन आणणारे आपल्याकडं कमी नाहीत. छातीला वारा लागत नाही हे खरं, पण कॉलर गळ्याला काचते, मान वळवून मागचा ट्रक बघता येत नाही आणि घाईनं काढायचं म्हटलं तर जमत नाही. त्यापेक्षा घेतानाच चेनच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी असलेलं घ्या. वारा सगळ्यात जास्त चेनच्या दातांमधूनच घुसतो.

घेताना आणखी एक बघा. दुकानात आरशासमोर उभं राहून सगळंच छान बसतं. खुर्चीवर बसा आणि हँडल धरल्यासारखे हात पुढं करा. बाह्या मनगटावरून वर सरकल्या किंवा कमरेत पाठ उघडी पडली, तर एक नंबर मोठं घ्या. पण फार ढगळही नको, ते हवेनं फुग्यासारखं फुगतं आणि गाडी हलते. टोपी हेल्मेटखाली चुरगाळून बसवू नका आणि कमरेची दोरी लोंबती ठेवू नका.

पाऊस आला, आहे ना जॅकेट!

नसतं हो. बहुतेक विंडचीटरच्या कापडावर पाणी झटकणारा हलका लेप असतो. भुरभुर असेल तर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. सप्टेंबरातला आपला पाऊस असा कोसळतो की दहा मिनिटांत पाणी शिवणीतून आत येतं, कारण शिवणीवर आतून चिकटपट्टी मारलेली नसते. भिजलेलं कापड अंगाला चिकटलं आणि वर वारा लागला, तर चांगलीच हुडहुडी भरते. पावसाळ्यात डिकीत रेनकोट वेगळाच हवा.

"आधी पाणी थांबायचं, आता थांबत नाही," अशी तक्रार असेल तर आधी धुण्याची पद्धत तपासा. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड या कापडाला वापरायचंच नाही. त्याचा थर बसला की थेंब घरंगळायच्या ऐवजी मुरतात. पावडरचा अंश राहिला तरी तेच होतं आणि बोअरच्या जड पाण्यात तो राहतोच. थोडं लिक्विड डिटर्जंट, गार पाणी, चेन लावून, उलटं करून धुवा, दोनदा खळबळून काढा आणि न पिळता सावलीत टांगा. आत शिवलेल्या लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल, तर सुकल्यावर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेनं लेप बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. दोन थेंब टाकून बघा.

एप्रिल-मेची दुपार

इथं माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. उन्हाळ्यात अंग झाकायचं हे बरोबरच आहे. आपली कातडी साधारण ३५ अंशांची असते आणि बाहेर ४२ असताना वारा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात दुपारी दोनला तोंडावर येणाऱ्या झळा आठवा. म्हणूनच बायका सनकोट आणि स्कार्फ घालतात आणि जुनी माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळतात. पण ते सगळं सुती असतं. त्यातून घाम वाळतो, आणि एवढ्या उकाड्यात शरीराकडं गार व्हायचा तोच एक मार्ग उरतो. आतून लेप दिलेलं नायलॉन ती वाटच बंद करतं. गाडी चालू आहे तोवर फार कळत नाही. सिग्नलला थांबलात की आत भट्टी पेटते.

मी एकदा हट्टानं मे महिन्यात भरदुपारी मोहोळहून तसाच आलो. घरी जॅकेट काढलं तर बाहीतून पाण्याची धार लागली आणि डोकं तासभर गरगरत होतं. त्यानंतर एप्रिल-मेच्या दुपारी मी सुती सनकोटच घालतो, मित्र हसले तरी. विंडचीटर घडी करून बॅगेत असतं. पहाटे तुळजापूरला दर्शनाला निघताना, संध्याकाळी वळवाच्या आधी धुळीचं वावटळ उठतं तेव्हा, नाहीतर रेल्वेच्या एसी डब्यात ते बाहेर येतं. कापड कसं आहे हे ओळखायला तोंड लावून जोरात फुंका. हवा थोडी पलीकडं गेली तर उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी चालेल. अजिबात गेली नाही तर ते फक्त हिवाळ्याचं.

हुरडा आणि जॅकेट

एका ओळीचं काम आहे: आगटीजवळ बसताना काढून ठेवा. नायलॉनवर ठिणगी पडली की वितळून गोल भोक पडतं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत, शोभेचं दारूकाम जवळून बघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. आणि गाडीवरून पडलात तर हे कापड कातडी वाचवत नाही, त्याचा भरवसा धरू नका.

डिकीतलं मरण

माझं पहिलं जॅकेट असंच गेलं. फेब्रुवारी संपला तसं घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकलं, ते जूनमध्ये काढलं. घडी उलगडेना. जोर लावला तर आतला पांढरा लेप चिकट होऊन पापडासारखा सुटून आला आणि शर्टाला चिकटला. उष्णता आणि दमट हवा यांनी हा लेप हळूहळू कुजतो. डिकीखाली इंजिन, वरून सोलापूरचं ऊन आणि आत घामट कापड, म्हणजे सगळी तयारी झाली. पोपडे निघायला लागले की दुरुस्ती नाही, ते जॅकेट गाडी पुसायला ठेवा. नवं असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून कपाटात हँगरला लावा.

दुसरं जॅकेट मात्र मी उगाच टाकून दिलं. चेन वर ओढली की मागं उघडत जायची. तिसऱ्यालाही तसंच झालं, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडं नेलं.

"अण्णा, चेन बदलून द्या."

त्यांनी चेन दोनदा खालीवर केली. "चेन चांगली हाय की. रनर सैल झालाय."

पकडीनं रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, ब्रशनं दातांतली धूळ काढली आणि मेणबत्तीचा तुकडा वरपासून खालपर्यंत घासला. "तेल लावू नका," म्हणाले, "धूळ धरतंय." पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून मेणबत्तीचा एक तुकडा डिकीत असतो. उन्हाळ्यात तोही वितळतो, म्हणून आता बॅगेत.