धाब्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय

राऊटर ओसरीत, आणि मागच्या खोलीत रेंज शून्य. कारण दीड-दोन फुटी मातीच्या भिंती. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ) ५ गीगाहर्ट्झ तर दुसऱ्या भिंतीतच संपतो. रिपीटर टाळला. तो कमजोर सिग्नलच पुढे ढकलतो, वेगही बहुधा निम्म्यावर येतो.

जुना राऊटरच ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन वाय-फाय देणारा डबा) केला. मुख्य राऊटरचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१, म्हणून याला १९२.१६८.१.२ दिला, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात. वॅनमध्ये (बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या पोर्टात) खोचली की वेगळंच नेटवर्क तयार होतं, मग प्रिंटर सापडत नाही. केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, २.४ गीगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

जागा माजघराच्या दारावर, सात फुटांवर. टिनाच्या कूलरमागे नकोच: पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात. (उन्हाळ्यात अचानक रेंज गेली, तर आधी कूलर कुठे ठेवला ते पाहा.) फोनवर सिग्नलची ताकद −६५ डीबीएमच्या (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास दिसली की पुरे, −७५ च्या खाली व्हिडिओ कॉल अडखळतो.

कोठ्यापर्यंत अंगणातून तांब्याची केबल ओढू नका, मृगाच्या विजांत पोर्ट जळतात. तिथे फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणारे डबे).